एकशे अठरा उणे सहा

मंजिरी विहारात एकेचाळीस घरं होती आणि नाल्यापलीकडच्या पंचशीलनगरात सत्तावीस. दोन्हीकडे मिळून बोअर एकोणीस. त्यातले सतरा कोरडे, एक दिवसाआड अर्धा तास पाणी देणारा आणि एक खारट. गच्च्यांवर टाक्या चौपन्न, दारांपुढं निळे ड्रम एकशे बारा. पडेगावच्या बाजूला मोबाइलचे दोन मनोरे दिसत, पण पंचशीलनगरच्या वस्तीत रेंज नीट मिळेल अशा जागा तीनच होत्या : बुद्धविहाराची पायरी, नाल्यावरच्या चंपाबाईच्या टपरीमागचा कडुनिंब आणि रूपालीच्या घराचा पत्रा, तोही वर चढल्यावर. हे सगळं रूपालीनं दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात स्वतः फिरून मोजलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी. झाल्यापासून हिला मोजल्याशिवाय करमत नाही, असं तिची आई केसरबाई म्हणायची, आणि म्हणताना तिचा सूर कौतुकाचा असायचाच असं नाही.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती आणि शहर मात्र दौलताबाद रस्त्यानं पुढं सरकत होतं. प्लॉट पडत होते, बंगले उठत होते. नळ आणि तारा मागं राहत होत्या. इंटरनेटवाले दोनदा येऊन पाहून गेले. "दोनशे घरं झाली की बघू," म्हणाले. घरं अडुसष्टच होती.

"मग आपलीच लाइन टाकू," रूपाली म्हणाली. हे ती मधुसूदनकाकांशी बोलत होती. ते मंजिरी विहारचे अध्यक्ष, न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. कागद नीट असला की कुठल्याही गोष्टीला त्यांची ना नसे. त्यांनी अडुसष्ट घरांची संस्था नोंदवली. उस्मानपुऱ्यातल्या एका सेवादात्याकडून मोठी जोडणी रीतसर पंपघरापर्यंत घेतली. पंपघराच्या पुढचं सगळं, म्हणजे केबल, पाइप, सहा पेट्या आणि त्यातली यंत्रं, घरांच्या सामाईक मालकीचं.

भांडण झालं ते आकारावरून. रूपालीचं म्हणणं, केबल झाडासारखी फांद्या काढत न्यायची नाही, बांगडीसारखी गोल न्यायची : पंपघरातल्या पहिल्या पेटीतून निघून दुसरी, तिसरी, चौथी मंजिरी विहारात, पाचवी आणि सहावी वस्तीत, आणि तिथून परत पहिलीत.

"बांगडी एका जागी फुटली तरी तुकडे होत नाहीत," ती म्हणाली. "एका बाजूनं वाट बंद झाली की दुसरीकडून चालू राहते."

"ते वस्तीला फुकट न्यायचं म्हणून बांगड्या चालल्यात," काकासाहेब म्हणाले. काकासाहेब नाल्याकडच्या शेवटच्या बंगल्यात राहत. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही समोरचा माणूस अर्ज घेऊनच आलाय असं समजून बोलत.

"फुकट नाय," रूपालीचे वडील पुंडलिक मागून म्हणाले. ते पाण्याचा टँकर चालवत. "चर आम्ही खांदतो. दोनीकडचा."

तो मुद्दा मधुसूदनकाकांना पटला. चर वस्तीनं खणला, मंजिरी विहारातल्या लोकांनी दोन रविवार माती ओढली. पाइपही पुंडलिकनंच आणला. पैठणकडं एक मोसंबीची बाग पाण्यावाचून वाळली होती, मालकानं ती काढून टाकली आणि ठिबकचा काळा पाइप गुंडाळून बांधावर टाकला होता. केबलचा पाइप बाजारात नारंगी मिळतो, पण काम तेच करतो, म्हणून रूपालीनं काळा चालवून घेतला. काकासाहेब त्या दोन्ही रविवारी सोयगावला भाच्याच्या लग्नात होते.

फेब्रुवारीपासून नेट सुरू झालं. सोसायटीच्या सामाईक टाकीत रूपालीनं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवलं. टाकी किती भरली ते सगळ्यांच्या फोनवर दिसू लागलं आणि टँकरची वाट बघत रांगेत हंडे ठेवणं बंद झालं. वस्तीतल्या दहावीच्या पोरी संध्याकाळी कडुनिंबाखाली दिसेनाशा झाल्या, कारण आता घरात बसून शिकवणी ऐकता येत होती. केसरबाईच्या डाव्या हाताचा व्यायाम घाटी रुग्णालयातला फिजिओथेरपीचा मुलगा आठवड्यातून एकदा फोनवर करून घेई. बिघाड झाला तर कंपनीला फोन लावून गाणं ऐकत बसायची सोय नव्हती; ज्याला शिव्या द्यायच्या तो दोन गल्ल्या सोडून राहत होता.

एप्रिलात रूपालीला नोकरी चालून आली, पण अटीवर. पुण्यातल्या एका भूजल संस्थेला उपग्रहाची चित्रं मराठवाड्यातल्या विहिरींच्या पाण्याशी ताडून बघणारं माणूस हवं होतं. काम घरून करता येणार होतं, पण फायली मोठ्या. म्हणून संस्थेनं सात दिवसांची चाचणी ठेवली : एक प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर सतत चालू राहणार. अपलोडचा वेग वीस एमबीपीएसच्या खाली जाता कामा नये, आणि लाइन एका वेळी दहा मिनिटांहून जास्त तुटता कामा नये. नापास झाली तर जागा पुण्यात येऊन राहायला तयार असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला.

रूपाली एक वर्ष पुण्यात राहून आली होती. त्याच वर्षी केसरबाईला लकव्याचा झटका आला, आणि घरात रेंज नसल्यामुळं रूपालीला ते तिसऱ्या दिवशी कळलं. तिला पुन्हा जायचं नव्हतं.

चाचणी बुधवारी सकाळी अकराला सुरू झाली. शुक्रवारी दुपारी तिनं प्रोग्रामवर नजर टाकली तर सरळ हिरव्या रेषेत एक बारीक खाच दिसली. तीन सेकंद. ती पंपघरात गेली. पहिल्या पेटीतल्या पडद्यावर दुसरी आणि तिसरी पेटी यांच्यामधली जोडणी लाल झाली होती. केबल तिथं कुठंतरी तुटली होती. यंत्रांनी तीन सेकंदांत वाट बदलून सगळं उलट्या बाजूनं वळवलं होतं. कुणाला काही कळलंही नव्हतं. फक्त आता बांगडी एका जागी फुटलेली होती आणि आणखी एका जागी फुटली की तुकडा पडणार होता.

तिनं उस्मानपुऱ्यातल्या इंद्रजीतला फोन लावला. केबल जोडायचं यंत्र त्याच्याकडं होतं.

"रविवारी येतो ताई. त्याच्या आधी नाय जमत, दोन लग्नाच्या हॉलचं काम आहे."

"रविवार नक्की ना दादा?"

"नक्की म्हंजे नक्की. चालू आहे ना तुमचं? मग घाई काय?"

घाई काय ते तिनं सांगितलं नाही. तिनं मधुसूदनकाकांना मात्र सांगितलं, आणि त्यांनी नियमाप्रमाणं सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं : पेटी दोन व तीनमधील केबल तुटली आहे, दुरुस्ती रविवारी.

रविवारी सकाळी टँकरच्या वेळेला माणसं जमतातच. त्या दिवशी काकासाहेब पंपघराच्या ओट्यावर चढून उभे होते.

"बोललो होतो का नव्हतो? पाइप नाल्याकडं नेऊ नका म्हणलं. नेला. आता चोरली ना केबल!"

"चोरली नाही, तुटलीय," रूपाली म्हणाली.

"तांब्यासाठी कापली असंल. भंगारात तांब्याला काय भाव आहे, माहितीय?"

"तांबं नाहीच तिच्यात, काकासाहेब. काच आहे. केसाएवढी."

"ते तुला माहिती, मला माहिती. चोराला कुठं माहिती? त्यानं तांबं समजूनच कापली."

यावर दोनचार माना हलल्या. चंपाबाई टपरी सोडून आली होती, हातात चहाचं गाळणं तसंच होतं.

"चोर म्हंजी आमीच व्हय?"

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"नाव नाय घेतलं. पत्ता तेवढा सांगितला."

लोक हसले, पण काकासाहेब हटले नाहीत. "हसा. माझं म्हणणं इतकंच : चोर सापडंपर्यंत वस्तीच्या दोन्ही तारा काढून ठेवा. मधुसूदनराव, मत घ्या. मंजिरी विहारवाल्यांनी हात वर करा."

"दोन्ही वस्त्यांची संस्था आहे," मधुसूदनकाका चाचरत म्हणाले. "नियमानं बघायचं तर..."

"करा हो हात वर!"

हात वर जाऊ लागले. रूपालीनं ते मोजले, सवयच. सतरा, अठरा, एकोणीस. वस्तीतली दोन्ही टोकं काढायला एक मिनिट लागलं असतं आणि परत लावायला सभा लागली असती. दहा मिनिटांत सभा होत नाही. पत्र्याच्या घरात लॅपटॉप चालू होता आणि केसरबाई त्याच्यावर पंखा धरून बसली होती.

"काढा," रूपाली म्हणाली. "पण आधी एक विचारू का? काकासाहेब, सकाळी मनस्विनीताईंचा फोन आला होता?"

मनस्विनी ही काकासाहेबांची मुलगी. कॅनडात होती, दर रविवारी सकाळी व्हिडिओवर यायची.

"आला होता. त्याचं काय आता मधेच?"

"चेहरा नीट दिसला?"

"नीट म्हंजे? समोर बसल्यावानी."

"तुमचं घर तिसऱ्या पेटीवर आहे. दुसरी आणि तिसरीच्या मधली केबल शुक्रवारपासून तुटलेली आहे. मनस्विनीताई आज तुमच्याकडं पलीकडून आल्या : पंपघरातून वस्तीत, वस्तीतून चौथ्या पेटीत, तिथून तिसरीत. वस्तीच्या तारा काढल्या तर आमची सत्तावीस घरं बंद पडतील, हे खरं. तिसऱ्या आणि चौथ्या पेटीवरची तुमची एकवीसही त्याच मिनिटाला पडतील."

मधुसूदनकाकांनी चष्मा कपाळावर नेला. "म्हणजे दोन दिवस आम्ही वस्तीतून नेट घेतोय?"

"व्हय," चंपाबाई म्हणाली. "आन् आमी बोललो का काई?"

हात एकेक करून खाली आले. कुणी त्याच हातानं डोकं खाजवलं, जणू त्यासाठीच तो वर केला होता.

तेवढ्यात इंद्रजीतची स्कूटर आली. त्यानं दुसऱ्या पेटीतून केबलचं टोक काढून आपल्या मशिनला जोडलं. लोक भोवती वाकले.

"हे काय करतंय?" कुणीतरी विचारलं.

"विहिरीत खडा टाकून आवाज कधी येतो त्यावरून खोली ओळखता ना?" रूपाली म्हणाली. "तसंच. हा उजेडाचा खडा टाकतो. जिथं काच तुटलीय तिथून उजेड परत येतो."

मशिनवर आकडा आला. "एकशे अठरा मीटर," इंद्रजीत म्हणाला. "टेप आहे का कुणाकडं?"

टेप पुंडलिककडं होता. त्यांनी एक टोक दुसऱ्या पेटीशी धरलं आणि रूपाली चराच्या खुणेवरून नाल्याकडं चालू लागली. तीस मीटरचा टेप; दर तिसाला खडूची रेघ. मागून पंचवीसतीस माणसं, लग्नाच्या वरातीसारखी. काकासाहेबांचा बंगला आला, मागं गेला. चौथ्या वेळेला टेप ताणला तेव्हा अठ्ठावीसचा आकडा चंपाबाईच्या टपरीच्या पहिल्या फळीशी आला.

माना टपरीकडं वळल्या. काकासाहेबांनी घसा साफ केला.

"मी नाव घेतलं नव्हतं," ते म्हणाले.

"खांदा!" चंपाबाईनं गाळणं फळीवर आपटलं. "टपरी उचला आन् खांदा. खाली काय सापडलं तर समद्यांला जन्मभर चहा फुकट. आन् नाय सापडलं तर साहेब, तुमी माझ्या टपरीवर उभं राहून चहा इकायचा."

पुंडलिकनं कुदळ उचलली होती. "थांबा बाबा," रूपाली म्हणाली. ती खडूच्या रेघांकडं बघत होती. आकडा चुकत नाही; पण तो कशाचा आहे ते बघावं लागतं. मशिननं रस्ता मोजला नव्हता, काच मोजली होती.

"वाटेत चेंबर किती लागले?"

"दोन," पुंडलिक म्हणाले. "वळणावरचं आन् सातनंबरच्या फाटकापाशी."

"प्रत्येकात आपण केबलचं वेटोळं ठेवलंय. पुढं दुरुस्तीला ओढून घेता यावं म्हणून. किती मीटर?"

"तीन-तीन. मीच गुंडाळलंय."

"मग सहा मीटर काच वेटोळ्यात गेली. रस्त्यावर एकशे बाराच आले."

पुंडलिकनं टेप मागं घेतला. सहा मीटर. आकडा काकासाहेबांच्या कुंपणाच्या भिंतीशी, जास्वंदीच्या बुडाशी येऊन थांबला. तिथली माती भोवतालच्या मातीहून भुसभुशीत होती.

सगळ्यांनी काकासाहेबांकडं पाहिलं. ते मातीकडं बघत होते.

"खांदा," ते म्हणाले. "मला काय भीती?"

दीड फुटावर काळा पाइप लागला. तो मधोमध कापलेला होता. दोन तुकड्यांमध्ये नवा कोरा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवलेला, टीला पितळी कॉक, कॉकपासून अर्ध्या इंची नळी भिंतीखालून आत काकासाहेबांच्या हौदाकडं गेलेली. कॉक उघडा होता. टीच्या तोंडाशी केबलचं काळं टोक, उंदरानं कुरतडल्यासारखं नाही, पकडीनं स्वच्छ छाटलेलं.

इंद्रजीत गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला. "साहेब," तो म्हणाला, "वीस वर्षं केबल जोडतोय. लई ठिकाणी लई प्रकारे तुटलेली पाह्यली. पण तिला नळ बसवलेला पहिल्यांदा पाहतोय."

हसण्याचा असा लोंढा आला की टँकरची रांग मोडून बायका पळत आल्या. चंपाबाईनं पदर तोंडाला लावला. मधुसूदनकाका भिंतीला टेकले.

"हा पाण्याचा पाइप नाय?" काकासाहेबांनी विचारलं. खरंच विचारलं.

"नाही हो काकासाहेब."

"पाइप ठिबकचा आहे. शेतीखात्याच्या योजना राबवण्यात जन्म गेला माझा, ठिबकचा पाइप मला कळत नाय? सोयगावहून आलो तर दारावरून पुरलेला. नेटला पाइप कशाला लागतो? मला वाटलं, नेटचं नुसतं नाव आहे, आत पाणी चाललंय वस्तीला. दोन महिने गप बसलो. हौद कोरडा पडला, मग फकिराला सांगितलं, एक कनेक्शन काढ."

फकिरा म्हणजे मंजिरी विहारचा नेहमीचा नळवाला. मधुसूदनकाकांनी तिथंच त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"फकिरा, शुक्रवारी काकासाहेबांकडं पाइप जोडलास का?"

"जोडला की. साहेबच म्हणले."

"आत वायर होती, ती?"

"हां, व्हती. मला वाटलं मोटारीची वायर हाय, टी बसंना म्हणून छाटली. साहेबाला बोललो नाय, म्हणलं बंद मोटारीची आसंल." जरा थांबून फकिरानं विचारलं, "का वो? पाणी आलं का?"

आता काकासाहेबही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग हसू थांबलं आणि ते तसेच उभे राहिले. रूपालीला वाटलं, पाइप नारंगी असता तर ही कुदळ इथं पडली नसती.

"पाइपवर आम्ही काही लिहिलं नव्हतं, काकासाहेब," ती म्हणाली. "ते माझ्याकडून राहिलं."

काकासाहेबांनी मान हलवली, पण तिच्याकडं नाही. ते पुंडलिककडं वळले. "पुंडलिकराव, मघाशी मी बोललो ते..."

"माती बाजूला करा जरा," पुंडलिक म्हणाले. "त्याला बसायला जागा पायजे."

वळणावरच्या चेंबरातलं वेटोळं सोडून केबल पुढं ओढली. इंद्रजीतनं टोकं सोलली, पुसली, जोडयंत्रात धरली. वारा सुटला होता आणि एप्रिलची धूळ उडत होती. धुळीचा एक कण मधे आला की सांधा वाया. "आडोसा करा कुणीतरी," तो म्हणाला. काकासाहेब आत गेले आणि दुहेरी चादर घेऊन आले. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं पुंडलिकनं. केबलीत काचेचे बारा तंतू होते. बारावा जोडून होईपर्यंत दोघं तसेच उभे होते. बांगडी पुन्हा सांधली आणि यंत्रांनी वाट मूळच्या बाजूला वळवली. चंपाबाई किटली घेऊन आली.

"घ्या साहेब. चहाचे पैसे नगं. पाण्याचे तेवढे द्या."

"टी काढून टाकू का?" इंद्रजीतनं विचारलं.

"राहू द्या खड्डा," मधुसूदनकाका म्हणाले. "तिथं तिसरं चेंबर करू. झाकण नारंगी."

कॉक फकिरा येऊन घेऊन गेला. रूपालीनं होणाऱ्या तिसऱ्या चेंबरातल्या वेटोळ्याची लांबी मोजली, दीड मीटर, आणि वळणावरच्या चेंबरात उरलेली पुन्हा मोजली. मग ती घरी गेली. केसरबाई अजून लॅपटॉपपाशीच बसली होती. पंखा तिनं डाव्या हातात घेतला होता.

"तुटलं का ग?" तिनं विचारलं.

"बुधवारी कळंल."

बुधवारी सकाळी अकरा वाजता प्रोग्राम आपोआप थांबला आणि पडद्यावर अहवाल उमटला. चाचणीचा कालावधी एकशे अडुसष्ट तास. अपलोडचा किमान वेग एक्केचाळीस एमबीपीएस. लाइन तुटली दोनदा : शुक्रवारी तीन सेकंद, रविवारी दोन.